पिंप न बनवणारे कूपर

पार्ल्या-अंधेरीकडे कुणी नुसतं "कूपर" म्हटलं तरी पुढचं काही सांगावं लागत नाही. "कूपरच्या अलीकडे थांबव", "कूपरला अ‍ॅडमिट केलंय", "कूपरच्या समोर मेडिकल आहे ना तिथे", रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच, पुढे हॉस्पिटल हा शब्द लावायची गरजच नाही. पूर्ण नाव डॉ. रुस्तम नर्सी कूपर रुग्णालय, पण ते फक्त बोर्डावर आणि केसपेपरवर. आता तिथे मेडिकल कॉलेजही आहे. एखाद्या माणसाचं आडनाव एवढं घासून घासून गुळगुळीत झालं की ते माणसाचं राहतच नाही, तो स्टॉप होतो.

आणि मजा म्हणजे मुळात हे आडनाव एका धंद्याचं. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा. इंग्लंडात स्मिथ, टेलर, बेकर, कार्टर, टर्नर अशी जी रांग आहे त्यातलाच हा. आपल्याकडेही आहेत की, सुतार आहेत, तांबट आहेत, पोतदार आहेत, फडणीस-चिटणीस तर आहेतच, आणि आजचे पोतदार काही नाणी पारखत बसत नाहीत, आयटीत असतात. पण इंग्रजांची ही आडनावं जगभर जेवढी उंडारली तेवढी आपली नाही उंडारली, आणि त्यातही कूपर जेवढ्या विचित्र विचित्र ठिकाणी जाऊन चिकटलाय तेवढं दुसरं कुठलं असेल असं मला वाटत नाही.

पिंप म्हणजे काय हे नीट बघायचं असेल तर नाशिकला एखाद्या वायनरीच्या तळघरात जा. तिथे ओकच्या पिंपांच्या थप्प्या लावलेल्या असतात, गार अंधार, ओल्या लाकडाचा आणि आंबलेल्या द्राक्षांचा वास, आणि गाइड घाईघाईने ग्लासांकडे न्यायला लागतो तेव्हा थोडं मागं राहून एका पिंपाला हात लावून बघायचा. मधे पोट सुटलेलं, दोन्ही टोकं निमुळती, पंचवीस-तीस फळ्या एकमेकींना बिलगून उभ्या, वरून लोखंडी पट्टे, पोटावर एक भोक आणि त्यात बूच. आत ना खिळा ना डिंक. प्रत्येक फळी मधे रुंद आणि कडेला अरुंद, शिवाय कडा अशा कोनात तासलेल्या की सगळ्या गोलात उभ्या केल्या की फट राहू नये. मग आत जाळ करायचा, बाहेरून पाणी मारायचं, लाकूड गरम होऊन मऊ पडलं की ते वाकवत वाकवत पट्टा ठोकत खाली उतरवायचा. ओल लागली की लाकूड फुगतं आणि उरलेली बारीकसारीक फटही बुजते. आणि ते पोट उगाच सुटलेलं नाही, दोन-अडीचशे किलोचं भरलेलं पिंप आडवं केलं की जमिनीला जेमतेम टेकतं, त्यामुळे एकटा माणूस ते लोळवतो आणि पाहिजे तिकडे वळवतो. फोर्कलिफ्ट यायच्या आधीची कित्येक शतकं जगाचा माल असाच हलत होता, दारू तर झालीच, पण जहाजावरचं पिण्याचं पाणी, खारवलेलं मांस, डांबर, बंदुकीची दारू, सगळं पिंपातच. म्हणजे जिथे बंदर तिथे कूपर पाहिजेच.

आणि मुंबई तर बंदरच. इथल्या पारशांनी इंग्रजी धंद्यांची नावं उचलून आडनावं केली हे आपल्याला ठाऊकच आहे, इंजिनीयर, काँट्रॅक्टर, मर्चंट, डॉक्टर, शिवाय बाटलीवाला आणि सोडावॉटरवालासुद्धा. फारुख इंजिनीयर आणि नरी काँट्रॅक्टर एकाच टीमकडून क्रिकेट खेळले, बांधकाम केलं नाही. गोदी, जहाजबांधणी, दारूचा व्यापार या सगळ्यात पारशी पहिल्यापासून होतेच, वाडियांनी १७३६ पासून मुंबईत जहाजं बांधायला घेतली, तेव्हा कूपर हे आडनाव पारशांत असावं यात नवल काहीच नाही.

मला सगळ्यात आवडतो तो साताऱ्याचा कूपर. सर धनजीशा बोमनजी कूपर. सातारा रोड स्टेशन पुणे-मिरज लाइनवर आहे, तिथे त्यांनी कारखाना काढला, लोखंडी नांगर बनवले, मग डिझेल इंजिनं. पुढे १९४० मधे तो कारखाना वालचंदांकडे गेला. पण कूपर हे नाव काही साताऱ्यातून गेलं नाही, आजही तिथल्या एमआयडीसीत कूपर आहेच, इंजिनाचे पार्ट बनतात, जनरेटर बनतात, लग्नाच्या हॉलमागे धडधडणाऱ्या जनरेटरवर हे नाव तुम्ही वाचलंही असेल. बरं एवढंच नाही, हे धनजीशा मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान होते! होय, पंतप्रधान, तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला तसंच म्हणायचे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेस जिंकली पण गव्हर्नरच्या खास अधिकारांवरून अडून बसली, सरकार बनवेना, मग १ एप्रिलला या साताऱ्याच्या पारशी कारखानदाराला बसवलं. जुलैत काँग्रेस तयार झाली, बाळासाहेब खेर आले आणि कूपरसाहेब गेले. साडेतीन महिने. शाळेत आपल्याला खेर शिकवतात, कूपर शिकवत नाहीत, परीक्षेत कुणी "पहिले कोण" असं विचारलं की बरोबर गोची होते.

आता गंमत बघा. धनजीशा बोमनजी, म्हणजे इंग्रजीत डी. बी. कूपर. हे नाव गुगलवर टाकलं की सातारा येत नाही, येतो एक विमान पळवणारा. २४ नोव्हेंबर १९७१, अमेरिकेत पोर्टलंडहून सिअ‍ॅटलला जाणारं बोइंग ७२७, काळा टाय लावलेला एक माणूस एअरहोस्टेसच्या हातात चिठ्ठी देतो की माझ्या बॅगेत बॉम्ब आहे. मागणी काय, तर दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट. सिअ‍ॅटलला मिळालं सगळं, प्रवासी उतरवले, विमान परत उडालं, आणि रात्री पावसात मागच्या जिन्यातून हा माणूस पैसे घेऊन उडी मारून जो गेला तो गेला. १९८० मधे एका मुलाला कोलंबिया नदीच्या काठी वाळूत त्यातले ५,८०० डॉलर सापडले, बाकी ना माणूस ना पैसे. एफबीआयने पंचेचाळीस वर्षांनी, २०१६ मधे तपासाची फाइल बाजूला ठेवली. आणि त्याने तिकिटावर नाव दिलं होतं डॅन कूपर, ते डी. बी. केलं पेपरवाल्यांच्या गोंधळाने. म्हणजे नाव खोटं, त्यातली अक्षरं चुकीची, आणि तरी जगात डी. बी. कूपर म्हणजे तोच, बिचारे साताऱ्याचे खरेखुरे डी. बी. सर असूनही मागच्या पानावर. मला तर यात सातारकरांनी जरा आवाज उठवायला पाहिजे असं वाटतं.

गाडीवाला कूपर सगळ्यांना माहीत असतोच. पण मिनी गाडी काही कूपरची नव्हे, ती अ‍ॅलेक इसिगोनिसची, १९५९ ची, स्वस्तातली, छोटी, चार माणसं कशीबशी मावतील अशी. कूपर बापलेक लंडनजवळ सर्बिटनला गॅरेजमधे रेसच्या गाड्या बनवायचे, सुरुवातीला तर मोटरसायकलचं इंजिन लावून, आणि ते इंजिन ड्रायव्हरच्या मागे. लोक हसले असतील, पण १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं जॅक ब्रॅबहम त्यांच्या गाडीत फॉर्म्युला वनचा चँपियन झाला, आणि नंतर सगळ्यांनीच इंजिन मागे नेलं. त्यातल्या मुलाने, जॉन कूपरने, ती घरगुती मिनी घेऊन तिला दमदार केलं, १९६१ मधे मिनी कूपर आली आणि पुढे तिने मोंटे कार्लो रॅली मारली. आता ते नाव बीएमडब्ल्यूकडे आहे. एकेकाळची गरिबांची गाडी आज बांद्र्याला सिग्नलला थांबली की लोक वळून बघतात.

आणि शाळा. लंडनच्या पूर्व टोकाला अपमिन्स्टरला एक शाळा आहे, तिचं नाव कूपर्स कंपनी अँड कोबर्न स्कूल. नावावरून वाटतं कुठल्यातरी कारखान्याची असेल, पण ही कंपनी म्हणजे पिंपवाल्यांचा संघ, लंडनमधे प्रत्येक धंद्याचा असा एकेक जुना संघ असतो. १५३६ मधे निकोलस गिब्सन नावाच्या किराणा व्यापाऱ्याने गरीब मुलांसाठी रॅटक्लिफला, थेम्सच्या काठी, जहाजवाल्यांच्या वस्तीत एक फुकट शाळा काढली. तो गेल्यावर त्याच्या बायकोने ती सांभाळली आणि १५५२ मधे पिंपवाल्यांच्या हवाली केली. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अठ्ठ्याहत्तर वर्षं बाकी होती. पुढे प्रिस्का कोबर्न नावाच्या बाईने १७०१ मधे मृत्युपत्रात शाळेसाठी पैसे ठेवले, आणि ही बाई बिअर गाळणाऱ्याची विधवा. म्हणजे एकीकडे पिंपवाले, दुसरीकडे पिंपात भरणारे, सोयरीक जुळायचीच होती, १८९१ मधे दोन्ही शाळांचा कारभार एक झाला आणि १९७१ मधे सगळं बिऱ्हाड अपमिन्स्टरला हललं. आजही शाळेत पोरं गणित-विज्ञान शिकतात, पिंप कुणी शिकवत नाही. जे संघ आपल्या धंद्याचं गुपित बाहेर फुटू नये म्हणून बनले त्यांनी शाळा चालवाव्यात हे मला फार भारी वाटतं.

न्यूयॉर्कचं कूपर युनियन ही अजून एक. पीटर कूपर, स्वतः जेमतेम शाळेत गेलेला, चिकटवायचा सरस बनवायच्या कारखान्यात पैसा केला, १८३० मधे अमेरिकेतलं रेल्वेचं एक सुरुवातीचं वाफेचं इंजिन बनवलं, ते घोड्याशी शर्यतीत पट्टा निसटल्याने हरलं असं सांगतात, जेलीच्या पावडरचं पेटंट घेतलं, आणि वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला उभा राहिला, अर्थातच पडला. १८५९ मधे त्याने हे कॉलेज उघडलं, कामकरी लोकांना फी न घेता शिकवायचं म्हणून. दुसऱ्याच वर्षी तिथल्या हॉलमधे लिंकनचं गाजलेलं भाषण झालं. पण मला त्या बिल्डिंगमधली एक गोष्ट सगळ्यात आवडते. माणसांना नेणारी सुरक्षित लिफ्ट अजून कुठल्या बिल्डिंगमधे बसलेली नव्हती तेव्हाच पीटरने लिफ्टसाठी खाच ठेवायला लावली, कारण त्याचं म्हणणं, येणारच ती. आणि ती खाच गोल ठेवली! चौकोनी लिफ्टा आल्या तेव्हा काय करायचं ते पुढच्यांनी बघायचं. एवढ्या कूपरांमधे निदान एकाने तरी काहीतरी गोल बांधलं. फुकटचं शिक्षण मात्र २०१४ पर्यंतच टिकलं, मग फी सुरू झाली, आता पुन्हा हळूहळू माफीकडे चाललेत.

आपला संबंध असलेलं तिसरं कॉलेज कूपर्स हिलचं, सरे परगण्यात. तिथे १८७२ ते १९०६ हिंदुस्थानच्या पीडब्ल्यूडीसाठी इंजिनीयर तयार व्हायचे, आपल्याकडच्या जुन्या कालव्या-पुलांच्या फायलींत तिथल्या साहेबांच्या सह्या सापडतील.

बाकी पावलोपावली आहेतच. धावून दमछाक करायची असेल तर बारा मिनिटांची कूपर टेस्ट, केनेथ कूपर नावाच्या डॉक्टरची, १९६८ ची. शाळेत फिजिक्सचा तास कंटाळवाणा गेला असेल तर लिऑन कूपर, ज्याने दाखवलं की एरवी एकमेकांना ढकलणारे दोन इलेक्ट्रॉन प्रचंड थंडीत धातूच्या आत जोडीने फिरायला लागतात, त्यांना कूपर पेअर म्हणतात आणि मग वीज अजिबात अडत नाही. त्यावर १९७२ चं नोबेल तिघांत वाटून मिळालं, आणि एमआरआयच्या मशीनमधलं मॅग्नेट त्याच जोड्यांच्या जिवावर चालतं. टीव्हीवरच्या 'बिग बँग थिअरी' मालिकेतल्या शेल्डनला याच लिऑनवरून कूपर केलं म्हणतात. हॉलिवूडचा गॅरी कूपर मुळात फ्रँक, आणि रॉकवाला अ‍ॅलिस कूपर तर मुळात अ‍ॅलिसही नाही आणि कूपरही नाही.

खरं पिंप बनवणारे अजून आहेत, स्कॉटलंडात क्रेगेलाची गावाला त्यांची मोठी वर्कशॉप बघायला लोक जातात. व्हिस्कीला निदान तीन वर्षं ओकच्या पिंपात ठेवायलाच लागतं हा तिथला कायदा. आणि अमेरिकेत बर्बन व्हिस्कीला दर वेळी नवं कोरं जाळलेलं पिंप लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं स्वस्तात स्कॉटलंडला जातात, आणि आपल्या गोव्यात कुंकळ्ळीला सिंगल माल्ट बनते तिथेही येतात. सेकंडहँड माल घ्यायची अक्कल फक्त आपल्यातच आहे असं नाही.

आणि अजून एक कूपर्स हिल आहे, ग्लॉस्टरशायरमधे, तिथे दर मे अखेरीला टेकडीवरून चीज लोळवतात. डबल ग्लॉस्टरचं तीन-चार किलोचं चाक, फुटू नये म्हणून कडेने लाकडाचं वेष्टण घातलेलं, म्हणजे बघायला गेलं तर पिंपाचाच कापलेला तुकडा, ते वरून सोडतात आणि त्याच्यामागे वीस-पंचवीस पोरं जीव खाऊन धावतात, धावतात कसली, पहिल्या दोन पावलांनंतर कोलांट्याच. चीज कुणाच्या हाती लागत नाही, जो पहिल्यांदा खाली पोचतो त्याला ते देतात. खाली रग्बी क्लबची धिप्पाड मंडळी उभी असतात, गडगडत येणाऱ्यांना अडवायला.