तुम्ही विचारलंत म्हणून: काचेच्या तारेतलं नेट पावसात का जातं?

मिरग लागला की माझ्या फोनला उसंत नसते. गुहागर तालुक्यात शृंगारतळी, पालशेत, हेदवी, वेळणेश्वर या पट्ट्यात आम्ही केबल आणि इंटरनेटच्या जोडण्या देतो, काचेच्या तारेवरून, म्हणजे ऑप्टिकल फायबरवरून. सुरुवात तक्रारीने होते, पण बोलता बोलता गाडी एकाच प्रश्नावर येते. कुणी काका टोमणा म्हणून विचारतात, कॉलेजातली पोरं खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारतात: "तार काचेची, आत नुसता प्रकाश. काच भिजत नाही, गंजत नाही. मग पाऊस आला की तुमचं नेट जातं कसं?" फोनवर "माणूस पाठवतो" एवढंच सांगून होतं. इथे जरा बैजवार सांगतो.

नेट जातं तेव्हा बहुतेक वेळा तारेतल्या प्रकाशाचा काही संबंध नसतो. वीज गेलेली असते. आमच्या कंट्रोल रूममध्ये ओएलटी नावाची पेटी, तुमच्या भिंतीवर राउटर, आणि मध्ये नुसती काच व प्रकाश वाटून देणारे स्प्लिटर, अशी सगळी रचना आहे. मधल्या वाटेवर विजेची गरज कुठेच नाही, पण दोन्ही टोकांना ती लागतेच. आषाढात दोन-दोन दिवस वीज नसली की आमच्या बॅटऱ्या मान टाकतात. तुमच्याकडे इन्व्हर्टर असतो, दिवे चालू असतात, पंखा फिरत असतो, त्यामुळे तुम्हाला वाटतं की फक्त नेटच गेलं. आभाळातली वीज तारेतून घरात येते, हाही एक समज आहे. काचेतून वीज वाहत नाही. राउटर जळतो तो बहुधा त्याच्या अॅडाप्टरमधून आलेल्या झटक्याने. गडगडायला लागलं की अॅडाप्टर काढून ठेवा, तार तशीच राहू द्या.

आता काचेकडे येऊ. तारेतली काच १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा जराशी जाड. त्यातही प्रकाश धावतो तो मधल्या नऊएक मायक्रॉनच्या गाभ्यातून. साठच्या दशकात चांगल्यातल्या चांगल्या काचेतून प्रकाश सोडला तरी वीसेक मीटरवर त्याचा शंभरावा हिस्सा उरायचा. १९६६ साली इंग्लंडमध्ये हार्लोच्या प्रयोगशाळेतल्या चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या लोखंडासारख्या अशुद्धींचा आहे. त्या काढून टाकल्या आणि किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक हिस्सा जरी उरला, तरी टेलिफोनचं काम भागेल. १९७० मध्ये अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्त्झ यांनी तशी काच करून दाखवली. काओंना त्याबद्दल नोबेल मिळालं ते २००९ मध्ये. आज आमच्याकडच्या साध्या केबलमधून १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पंधरा किलोमीटर गेला तरी निम्मा शिल्लक असतो. किलोमीटरला ०.२ डेसिबल, असं आमच्या हिशेबात म्हणतात. डेसिबल हे प्रकाश किती घटला ते सांगायचं माप; तीन डेसिबल गेले म्हणजे प्रकाश निम्मा झाला.

म्हणजे काच प्रकाश खात नाही, आम्ही खातो. एका कोअरमधला, म्हणजे केबलमधल्या एका काचेच्या तारेतला, प्रकाश आठ घरांना वाटणारा स्प्लिटर लावला की प्रत्येकाच्या वाट्याला आठवा हिस्सा आला, नऊ डेसिबल तिथेच गेले. त्या हातभर तारांच्या पेटीत जेवढा प्रकाश खर्ची पडतो, तेवढा घालवायला ४५ किलोमीटर काच लागेल. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर पाऊस केबलवर कितीही कोसळो, आतल्या प्रकाशाला त्याचा पत्ताही नसतो. मात्र पाण्याने काचेला काहीच होत नाही, हेही सर्वस्वी खरं नाही. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतातच. तार ताणलेली नसेल तर त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. पण ताण आणि ओलावा दोन्ही एकत्र आले की पाण्याचे रेणू भेगेच्या टोकाशी शिरून सिलिकॉन आणि ऑक्सिजनमधला बंध तोडत जातात. भेग हळूहळू पुढे सरकते आणि एक दिवस, वारा पडलेला असताना, कुणी हात लावलेला नसताना, तार तुटते. म्हणूनच कारखान्यात प्रत्येक तार साधारण एक टक्का ताणून पारखतात, तिच्यावर प्लास्टिकचा लेप देतात आणि केबलच्या नळीत जेली भरतात. त्या जेलीने हात इतके चिकट होतात की घरी आल्यावर रॉकेलशिवाय निघत नाहीत.

कोकणात हा ताण कुठून येतो, ते वाडीत उभं राहिलं की कळतं. जांभ्यात चर खणणं परवडत नाही, म्हणून केबल खांबांवरून, नाहीतर थेट माडाला बांधून नेलेली असते. वाऱ्याने माड डोलतो, केबल त्याच्याबरोबर ताणते आणि सैल पडते. वरून झावळी पडते. माकडांना तर झोका खेळायला आयतीच दोरी मिळते. हे चार महिने चालतं. जॉइंट बॉक्सचं रबर कडक झालेलं असलं की आत पाणी साचतं, आणि गणपतीच्या आसपास तक्रारी सुरू होतात. त्या अमुकच दिवशीच्या पावसाच्या नसतात, आख्ख्या मोसमाच्या असतात. हे मी कितीदा सांगितलं तरी पटत नाही, कारण नेट नेमकं त्या दिवशी गेलेलं असतं.

दुसरा शत्रू म्हणजे वळण. पोफळीच्या बागेत पाट काटकोनात वळवला तर पाणी काठावरून उसळून जातं. तारेला तीव्र वळण दिलं की गाभ्यातला प्रकाश तसाच बाहेर सांडतो. गंमत अशी की सगळा प्रकाश सारखा सांडत नाही. १३१० नॅनोमीटरचा गाभ्याला घट्ट धरून असतो, १५५० चा लवकर सुटतो. तुमच्या घरून आमच्याकडे येणारा डेटा १३१० वर, आमच्याकडून तुमच्याकडे येणारा १४९० वर, आणि टीव्हीची चॅनेलं १५५० वर. त्यामुळे "नेट बरं आहे, टीव्ही मात्र फुटतोय" अशी तक्रार आली की मला खांबावर चढण्याआधीच अंदाज येतो. बहुतेकदा दिवाणखान्यात रंगकाम झालेलं असतं आणि वहिनींनी लोंबणारी तार छान गुंडाळून खिळ्याला अडकवलेली असते.

या दुखण्यावर संशोधकांनी जे औषध काढलं, त्याला मी माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा शोध मानतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. गाभ्याभोवती कमी अपवर्तनांकाच्या काचेचं कडं घालायचं, म्हणजे सुटू पाहणारा प्रकाश आत अडतो. अशा तारेचं आंतरराष्ट्रीय मानक जी.६५७ हे २००६ मध्ये आलं. त्यातल्या एटू प्रकारची तार साडेसात मिलिमीटर त्रिज्येच्या वळणातूनही बऱ्यापैकी प्रकाश नेते. ड्रॉप वायर, म्हणजे खांबावरून घरात येणारी तार, घेताना मी दोन पैसे जास्त देतो, पण तीच घेतो. खिळे काही घरातून जायचे नाहीत.

कंट्रोल रूमच्या रॅकवर प्रकाशाला बळ देणारं एक यंत्र आहे, ईडीएफए. नावातला ई म्हणजे अर्बियम. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवलं की काचेत चिमूटभर अर्बियम मिसळून तिला दुसऱ्या लेझरची ऊर्जा पुरवली, तर १५५० च्या आसपासचा मंद झालेला प्रकाश त्या काचेतच पुन्हा बळकट होतो. त्याचं विजेच्या संकेतात रूपांतर करायची गरज उरत नाही. समुद्राखालच्या केबल त्यावरच चालतात, आणि आमच्याकडच्या मालिकाही. या प्रकाशाला रंग नाही, डोळ्यांना तो दिसत नाही, पण तो जोरकस असतो. तुटलेल्या तारेचं टोक डोळ्याजवळ नेऊन "येतोय का बघू" असं करू नका. आमच्या पोरांनाही मी हे रोज ओरडून सांगतो.

आता त्या पोरांचा पुढचा प्रश्न. "दादा, पोकळ फायबर आलंय म्हणे, ते आपल्याकडे कधी?" आलंय खरं. साउदॅम्प्टनच्याच मंडळींनी काचेऐवजी हवेतून प्रकाश नेणारी तार केली. मध्ये पोकळी, तिच्याभोवती अतिशय पातळ भिंतींच्या काचेच्या नळ्या, नळ्यांच्या आत आणखी नळ्या, आणि त्या भिंतींनी प्रकाशाला पोकळीतच कोंडून ठेवायचं. त्यांची लुमेनिसिटी ही कंपनी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. २०२५ मध्ये त्यांनी किलोमीटरला ०.०९१ डेसिबल हा आकडा जाहीर केला. साध्या काचेला इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं, ते हवेने करून दाखवलं. शिवाय काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, हवेत तीन लाख. डेटा सेंटरवाल्यांना आणि शेअर बाजारवाल्यांना या फरकाची किंमत आहे.

आम्हाला? मघाचा हिशेब आठवा. पंधरा किलोमीटरवर काच तीन डेसिबल घेते, ही दीडच्या आत घेईल. तेवढं एका खिळ्याने परत जाईल. मुंबईपर्यंतच्या प्रवासात अर्धा-पाऊण मिलिसेकंद वाचेल, तो क्रिकेट बघताना कुणाला कळणार नाही. जोडणीचंही अवघड आहे. साध्या दोन तारा मी पावसात छत्रीखाली बसून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतो, शंभरातला एखादा हिस्साच प्रकाश वाया जातो. पोकळ तारेत ठिणगी जरा जास्त झाली की आतल्या नळ्याच बसतात. आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने खरी मजा इथेच आहे: ही तार पोकळ असल्यामुळे उघड्या टोकातून तिच्यात दमट हवा शिरू शकते. पाण्याची वाफ काही ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषते, म्हणून टोकं लगेच बंद करावी लागतात. वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर जुलैत हे काम करायची वेळ आली, तर "तारेत पाणी गेलं" ही तक्रार मला पहिल्यांदाच खरी मानावी लागेल.

मला हेवा वाटतो तो वेगळ्याच संशोधनाचा. तार तुटली की आम्ही ओटीडीआर नावाचं तूट शोधायचं यंत्र लावतो. लेझरचा छोटासा ठोका आत सोडायचा; काचेतल्या सूक्ष्म चढउतारांवर आपटून त्याचा अगदी थोडा अंश मागे येतो. एक किलोमीटर जाऊन यायला दहा मायक्रोसेकंद, त्यावरून तूट कुठे आहे ते समजतं. याच मागे येणाऱ्या प्रकाशाची कला, म्हणजे लाटेची स्थिती, सेकंदाला शेकडो वेळा मोजली तर तारेचा प्रत्येक काही मीटरचा तुकडा जमिनीची थरथर टिपू लागतो. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागराच्या तळाशी टाकलेल्या केबलच्या २० किलोमीटर भागावर हा प्रयोग झाला आणि ३.४ तीव्रतेचा भूकंप तिने नोंदवला. ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांजवळच्या केबलने २०२० मध्ये देवमाशांचे आवाज टिपले. तार तीच, नवीन काही टाकलं नाही, फक्त टोकाला वेगळं यंत्र लावलं.

इथे कोयनेचे धक्के आम्हाला १९६७ पासून ओळखीचे आहेत. २२ जुलै २०२१ ला एकाच दिवशी चिपळूण बुडालं आणि महाड तालुक्यात तळीयेवर दरड आली. परशुराम घाटातून पावसाळ्यात जाताना आजही माझं लक्ष रस्त्यापेक्षा वरच्या कड्याकडे असतं. बऱ्याच दरडी कोसळण्याआधी थोड्या थोड्या सरकतात, आणि उतारात पुरलेल्या फायबरवर तो ताण मोजता येतो. म्हणून कुणी नेटाचा वेग वाढवायच्या गप्पा मारू लागलं की मी म्हणतो, आधी घाटात एक कोअर यासाठी द्या. माझ्या माडावरच्या केबलचा मात्र त्यात उपयोग नाही. तिला वाऱ्याशिवाय काही ऐकू येणार नाही. तार मातीत घट्ट बसलेली हवी. आणि यंत्राची किंमत माझ्यासारख्याच्या आवाक्यातली नाही.

हेच तंत्र तेलाच्या पाइपलाइनवर राखणीला वापरतात. जवळपास कुणी खणायला लागलं की कंट्रोल रूममध्ये आधीच समजतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचे जेसीबी आठवले, कारण पाऊस, माकडं आणि खिळे सगळे मिळून करत नाहीत एवढं नुकसान रस्त्याच्या कामाचा एक बकेट करतो. आख्खी केबल, चोवीस कोअर, चिखलात बसून एकेक रंग जुळवत जोडायचे, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. सध्या आमच्याकडे त्यावर उपाय असा: रस्त्याकडेला पिवळं यंत्र दिसलं की गाडी थांबवायची, चालकाला चहा सांगायचा, केबल कुठून गेलीय ते पायाने रेघ ओढून दाखवायचं आणि त्याचा नंबर घेऊन ठेवायचा.