पावसात गेलेला ओरेगॅनो

"ताई, उन्हाने सगळा ओरेगॅनो गेला. नवीन वीस कुंड्या लावून द्या." रामबागेतल्या काकांचा हा फोन ऐन ऑगस्टमधला, झड लागलेली असताना. इंदुरात रोप मेलं की पहिला आळ उन्हावरच येतो.

हा पिझ्झावरचा ओरेगॅनो नव्हे. 'केंट ब्यूटी' हा शोभेचा संकर, ऑरिगॅनम रोटुंडिफोलियम आणि ऑरिगॅनम स्केब्रम यांचा. फुलं इवलीशी, बघायची ती भोवतीची कागदी छदं, म्हणजे फुलाला वेढणारी रंगीत पानं. पोपटी रंगावर गुलाबी चढत जातो आणि कुंडीच्या कडेवरून झुबके लोंबतात. बोगनवेलीतही रंग छदांचाच असतो, पण इतका नाजूक नाही.

गच्चीवर जाऊन एक कुंडी उलटी केली. मुळं तपकिरी. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर साल हातात आली आणि आतला गाभा दोऱ्यासारखा उरला. ही खूण दिसली की पुढे तपासायला काही नसतं: मूळकुज. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना हीच रोपं हिरव्या जाळीखाली तग धरून होती.

कुंडीत काळी माती, शेणखत, कोकोपीट. गुलाबालाही हेच, निवडुंगालाही हेच. आमच्या नर्सरीवाल्यांचा हा आळस मला सहन होत नाही. माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते, हवेला जागा उरत नाही. आणि या संकराच्या आईबापांपैकी एक जात तुर्कस्तान-जॉर्जियाकडच्या खडकांतली, दुसरी ग्रीसच्या डोंगरांतली. त्यात कुंड्यांखाली बशा, त्या तुडुंब. माळी म्हणाला, "दीदी, पानी नी डालेंगे तो मर जाएगा." पाऊस चालू असतानाही तो झारी फिरवत होता.

टाकीमागे, छज्जाखाली, एक तडकलेली कुंडी होती. त्यात विटांचे तुकडे, जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा चुरा, थोडी रेती. तिथला ओरेगॅनो जिवंत होता, झुबक्यांसकट.

काका लगेच म्हणाले, "मग असंच भरून वीस द्या." मी नाही म्हटलं. मरवा सुचवला, तोही ऑरिगॅनमच. "तो गजऱ्यातला?" म्हणून त्यांनी मान फिरवली. पैसे त्यांचे, हौस त्यांची, आणि झाड मरणार हे माहीत असताना विकायचं की नाही, यावर मी अजून अडकले आहे. धंद्यातले बहुतेक जण विकतात.

फुलं न आलेले बोटभर शेंडे कापून मी जाड रेतीत लावलेत. वरून प्लॅस्टिक घातलं नाही, या हवेत त्याने बुरशीच येते. खरा प्रश्न वेगळाच आहे: ते रोप छज्जामुळे वाचलं की गिलाव्यामुळे? जगलेल्यांपैकी निम्मी रोपं गिलाव्यात घालून उघड्या पावसात ठेवायची, निम्मी नेहमीच्या मातीत छज्जाखाली. काकांनी त्यासाठी कठड्याची जागा दिली आहे, माळ्याची झारी तिकडे फिरणार नाही या अटीसह. ती अट माझी.