समुद्रकाठी बुडालेल्या आगगाड्या

मराठीत धंदा बुडतो, उसने दिलेले पैसे बुडतात, आणि क्रिकेटचा सामना असला तर शाळासुद्धा बुडते; या सगळ्यात पाण्याचा थेंबही कुठे नसतो. केंट परगण्यातल्या आमच्या मॉडेल रेल्वे क्लबात मी ही गोष्ट एका गुरुवारी चहाच्या वेळी समजावून सांगितली, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसले ते आमचे माजी दुकानदार. त्यांनी समुद्रकाठच्या एका गावात सहा वर्षे छोट्या आगगाड्यांचे दुकान चालवले आणि सातव्या वर्षी बंद केले. "म्हणजे आमचा धंदा मराठी पद्धतीने बुडाला म्हणायचा," ते म्हणाले, "कारण भरतीच्या वेळी पाणी दारापासून दोनशे पावलांवर असायचे." त्या दिवसापासून 'बुडाला' हा शब्द आमच्या क्लबात रूढ झाला आहे. इंजिन रुळावरून घसरले तरी 'बुडाला', बिस्किटे संपली तरी 'बुडाला'. लिंग आणि वचन यांची शिकवणी मी अजून घेतलेली नाही.

या छंदात एक विनोद फार जुना आहे: मॉडेल रेल्वेच्या धंद्यात लखपती कसे व्हावे, तर करोडपती असताना त्यात उतरावे. माजी दुकानदार तो स्वतःच सांगून टाकतात, म्हणजे इतरांना संधी उरत नाही. त्यांचा हिशेब कागदावर अगदी चोख होता. निवृत्तीची रक्कम हाती आलेली होती, समुद्रकाठच्या गावात दुकानाचे भाडे कमी होते, उन्हाळ्यात मुलांना घेऊन माणसे येतात, आणि इंग्लंडचा उन्हाळा असल्यामुळे पाऊस पडतो, म्हणजे ती माणसे आडोशाला दुकानात शिरणार, हेही त्यांनी धरले होते. माणसे शिरलीही. खिडकीत फिरणारी गाडी त्यांनी पाऊस थांबेपर्यंत पाहिली, फरशीवर पाणी गाळले, इंजिनाची किंमत विचारली आणि चिकटद्रव्याची एक नळी घेऊन ती निघून गेली. सहाही वर्षांत भरवशाचा नफा एकाच मालाने दिला, तो म्हणजे दाराबाहेर टांगलेल्या, वाळूत खेळायच्या प्लास्टिकच्या बादल्या आणि फावडी. त्यातच खिडकीत मांडलेले जुने पोलादी रूळ खाऱ्या हवेने तांबेरले, आणि गंजलेले रूळ खऱ्या रेल्वेसारखे दिसतात म्हणून तेवढे मात्र एका गिऱ्हाइकाने जास्त पैसे देऊन नेले.

आम्ही त्यांना हसतो, पण त्या गिऱ्हाइकांत आमचाही नंबर लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्यापैकी प्रत्येकाने त्यांच्या दुकानात तासन्‌तास गप्पा मारल्या, आणि इंजिन मात्र दुसरीकडे, जुन्या बाजारात, स्वस्तात घेतले.

गेल्या सप्टेंबरात आम्ही सातजण केंटच्याच किनाऱ्यावरच्या मार्गेट या गावी गेलो. ब्रिटनमध्ये या छंदाला पंढरपूर म्हणावे असे एखादे गाव असेल, तर ते हेच. कोकणात वाढल्यामुळे मला या गावाची पहिली मौज स्थानकाच्या दारातच वाटली. आपल्याकडे रत्नागिरीला उतरले तर समुद्र गाठायला रिक्षा करावी लागते. येथे स्थानकाबाहेर पडून रस्ता ओलांडला की वाळूच सुरू होते. स्थानकाची आजची इमारत १९२६ ची आहे आणि तिचा आराखडा ज्या मॅक्सवेल फ्राय यांनी केला, ते पुढे १९५० च्या दशकात चंदिगढ उभारणाऱ्या वास्तुविशारदांत होते. हे मी सांगितल्यावर आमचे खजिनदार म्हणाले की, मार्गेटचा पाऊस पाहूनच त्यांनी पंजाब गाठला असावा.

मार्गेटमध्ये न आलेल्या गाड्यांचाही इतिहास आहे. लंडन, चॅटम अँड डोव्हर रेल्वेने १८६० च्या दशकात समुद्रासमोर स्थानकाची एक इमारत बांधली, पण तेथून गाड्या कधी सुटल्याच नाहीत. १८६७ साली तिचे नाचगाण्याचे सभागृह झाले. त्याच जागेवर पुढे ड्रीमलँड ही करमणुकीची बाग वाढली आणि १९२० साली तेथे 'सीनिक रेल्वे' हा लाकडी सांगाड्यावरचा रोलर कोस्टर सुरू झाला. त्याच्या गाडीत ब्रेक लावणारा माणूस प्रवाशांबरोबर बसून असे. २००८ च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला आणि २०१५ साली तो पुन्हा उभा राहिला. कुंपणाबाहेर उभे राहून तो सांगाडा पाहताना माजी दुकानदार म्हणाले, "कुठेही न जाणारी गाडी, आणि तरी लोक तिकीट काढतात. मी धंदा चुकीचा निवडला."

गावाबाहेर वेस्टवुड भागात छोट्या आगगाड्यांचा तो प्रसिद्ध कारखाना होता, आणि त्याची कथा आमच्या क्लबात रामायणासारखी पुनःपुन्हा सांगितली जाते. वॉल्टर, विल्यम आणि आर्थर या तीन लाइन्स बंधूंनी १९१९ साली लाइन्स ब्रदर्स ही कंपनी काढली. तीन 'लाइन्स' म्हणजे तीन रेषा, आणि तीन रेषांचा होतो त्रिकोण, म्हणून त्यांच्या खेळण्यांचे नाव पडले ट्रायँग. रिचमंडच्या रोव्हेक्स या छोट्या कंपनीने १९५० च्या नाताळासाठी मार्क्स अँड स्पेन्सरला प्लास्टिकचा एक गाडीसंच करून दिला होता. लाइन्स बंधूंनी पुढच्याच वर्षी ती कंपनी विकत घेतली आणि १९५४ मध्ये तिला मार्गेटला आणले. तिकडे लिव्हरपूलमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीचे राज्य होते. तिच्या हॉर्नबी गाड्या १९२० पासून आणि हॉर्नबी डब्लो गाड्या १९३८ पासून घराघरांत धावत होत्या. डब्लोचे इंजिन ओतीव धातूचे, हातात घेतले की वजन जाणवणारे आणि बापाच्या खिशालाही जाणवणारे असे, आणि वीज पुरवायला त्याला रुळांच्या मधोमध तिसरा रूळ लागे. ट्रायँगची गाडी प्लास्टिकची, स्वस्त आणि दोन रुळांवर चालणारी होती. लिव्हरपूलला दोन रुळांवर यायला १९५९ उजाडले. १९६४ साली लाइन्स बंधूंच्या कंपनीने मेकॅनोच विकत घेतली.

खरी गंमत त्यानंतरची आहे. मेकॅनो गिळणारा लाइन्स ब्रदर्सचा अवाढव्य समूह १९७१ साली स्वतःच कोसळला. मार्गेटचा कारखाना दुसऱ्या मालकाकडे गेला, पण ट्रायँग हे नाव त्याला वापरता येईना, तेव्हा १९७२ मध्ये पाटीवर नाव आले हॉर्नबी रेल्वेज. म्हणजे जिंकलेल्याने हरलेल्याचे नाव लावले आणि आजतागायत त्याच नावाने तो ओळखला जातो. लिव्हरपूलचा बिन्स रोडवरचा मूळ कारखाना १९७९ साली बंद पडला. १९८० साली मार्गेटच्या कारखान्याचे नवे मालकही बुडाले, पण कारखाना तरला. त्यानंतरच्या मालकांची नावे घेताना आमच्या क्लबात एका हाताची बोटे कमी पडतात. १९९० च्या दशकात उत्पादन चीनला गेले. मध्यंतरी काही वर्षे कंपनीचे कार्यालय मार्गेट सोडून जवळच्या सँडविच या गावी गेले होते. त्या गावाच्या वाटेवर हॅम (म्हणजे डुकराचे खारवलेले मांस) नावाचे खेडे आहे, आणि रस्त्यावरच्या पाटीवर हॅम व सँडविच ही दोन नावे एकाखाली एक लिहिलेली आहेत. रेल्वेच्या सँडविचची चव केवढी वाईट असते, यावर इंग्रजांनी शंभर वर्षे विनोद केले आहेत; त्यात रेल्वेचीच कंपनी सँडविचला जाऊन बसल्यावर आमच्या लोकांना आवरणे अशक्य झाले. कार्यालय मार्गेटला परत आले त्या दिवशी विनोदांचा एक मळा उजाड झाला, असे खजिनदार आजही हळहळून सांगतात.

असे उद्योग पुनःपुन्हा का बुडतात, याचे उत्तर मला एका मापात सापडते. ब्रिटिश मॉडेल रेल्वेचे प्रचलित प्रमाण म्हणजे खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर. रुळांमधले अंतर मात्र साडेसोळा मिलिमीटर. भागाकार केला तर ते येते चार फूट दीड इंच, आणि खऱ्या रुळांमध्ये असतात चार फूट साडेआठ इंच. म्हणजे गाडी एका मापाची आणि रूळ दुसऱ्या मापाचे, सात इंचांनी अरुंद. कारण साधे होते: ब्रिटनची खरी इंजिने युरोपातल्यांपेक्षा अंगाने लहान, आणि तेव्हाची मोटर त्यांच्या पोटात मावत नव्हती, म्हणून रूळ युरोपातल्या मॉडेलांचेच ठेवून इंजिन फुगवले गेले. या सात इंचांवर आमच्या लोकांनी आयुष्ये घालवली आहेत. काहीजण अचूक १८.८३ मिलिमीटर अंतराचे रूळ हाताने घडवतात, आणि त्यांचा लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेला रुळांचा देखावा, बारा वर्षांत चार फूट पुढे सरकतो. इंजिनावरचे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी, मोजणारे वेगळेच. एक कमी निघाला तर ते कंपनीला पत्र लिहितात. कंपनीने तो रिव्हेट बसवला की किंमत दोनशे पौंडांच्या पलीकडे जाते, आणि मग तेच गृहस्थ महागाईवर पत्र लिहितात.

मी स्वतः सुदैवाने यांत बसत नाही. हा रोग मला कॉलेजात असताना पुण्यात, कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात लागला, आणि तेथे दिवे मालवल्यावर खिडक्या उजळलेली गाडी अंधारातून निघते तेव्हा रिव्हेट मोजायचे कोणाला सुचत नाही. माझ्याकडे ट्रायँगचे एक जुने 'जिंटी' इंजिन आहे. त्याच्या प्लास्टिकच्या कडा बोथट आहेत, पण खालचा एक स्क्रू काढला की एक्स-ओ-फोर ही उघडी मोटर समोर येते, तिचे कार्बन ब्रश डोळ्यांना दिसतात, टाचणीच्या टोकाने तेलाचा एक थेंब सोडला की ती गुरगुरते आणि विजेचा तो जुना, जरा जळकट वास येतो. सत्तर वर्षांपूर्वी मार्गेटच्या कोण्या कामगाराने जोडलेले ते यंत्र आजही चालते. धंदा बुडण्याचे हेही एक कारण असू शकेल.

जानेवारी २०२४ मध्ये हॅटन्स बंद होत असल्याची बातमी आली. १९४६ पासून चालत आलेले, लिव्हरपूलमध्ये सुरू झालेले ते दुकान देशभर घरपोच माल पाठवत असे. त्या गुरुवारी क्लबात सगळे चार मिनिटे अगदी सुतकी चेहऱ्याने बसले, आणि पाचव्या मिनिटाला कोणीतरी विचारले की, उरलेला माल सवलतीत कधी काढणार आहेत. माजी दुकानदार तेव्हा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बिस्किटांचा डबा आमच्यापुढून उचलून आपल्याकडे ओढून घेतला.

मार्गेटहून परतण्याआधी आम्ही जुन्या वस्तूंच्या एका दुकानात शिरलो. तेथे एका खोक्यात ट्रायँगचा जिराफाचा डबा होता. १९६० च्या दशकातला हा प्रकार कोणत्याही खऱ्या रेल्वेत नव्हता: डब्याच्या छतातून जिराफाची मान बाहेर येते आणि पूल आला की तो ती खाली घालतो. माजी दुकानदारांनी डबा उलटा केला, तर खाली त्यांच्याच दुकानाची किमतीची पिवळी चिठ्ठी चिकटलेली होती. "मी हा यापेक्षा महाग विकला होता," ते अभिमानाने म्हणाले. गल्ल्यावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "आणि ते दुकान अजून आहे का?" त्यांनी निमूटपणे पैसे मोजले.

आमच्या क्लबाचा लेआउट म्हणजे अर्थातच समुद्रकाठचे शेवटचे स्थानक आहे. अशी ठिकाणे खऱ्या जगात फार थोडी उरली. तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करा असे सांगणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर समुद्राकडे जाणारे कितीतरी शाखामार्ग उखडले गेले, आणि आता ते चर्चच्या सभागृहांत प्लायवुडवर जिवंत आहेत. एका बाजूला समुद्र असला की तेवढ्या भागात डोंगर, घरे आणि झाडे करायचे काम वाचते, हा त्याचा खरा फायदा. आमचा समुद्र वार्निशच्या नऊ थरांचा आहे. त्यावर एक पूल आहे, आणि पुलावर एक लाल बस उभी आहे, कारण प्रत्येक ब्रिटिश लेआउटच्या पुलावर बस असावीच लागते. नसली तर प्रदर्शनात लोक ती कुठे गेली म्हणून विचारतात.

पुढच्या गुरुवारी जिराफ त्या पुलाकडे निघाला. त्याला मान खाली घालायला लावणारा रुळाजवळचा भाग खोक्यात नव्हता, हे आमच्या लक्षात आले तोपर्यंत डबा पुलाशी पोचला होता. मान पुलाला धडकली, पुठ्ठ्याचा पूल हादरला आणि बस कठड्यावरून वार्निशच्या समुद्रात पडली.

"बुडाला!" सगळे एका सुरात ओरडले. बस स्त्रीलिंगी आहे, हे मी सांगायचा प्रयत्न केला, पण माजी दुकानदार तोवर गुडघे टेकून मानेचा तुटलेला तुकडा टेबलाखाली शोधत होते आणि सुटा जिराफ कोणाकडे मिळेल, स्वस्तात, असे विचारत होते.