गोठ्यातला बर्फ

डिसेंबर लागला की आमच्याकडं माळ्यावरनं नाताळचा खोका खाली येतो. कागदी चांदणी, लाईटच्या माळा आणि येशूच्या जन्माच्या देखाव्याचा गोठा. गोठ्याच्या छपरावर कापूस पिंजून पसरायचा, तो बर्फ. सोलापुरात बर्फ! जिथं मे महिन्यात गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही तिथं आम्ही आजोबांपासून इमानेइतबारे कापूस पिंजत आलोय आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलेलं नाही.

यंदा लेकीला संडेस्कूलमध्ये बायबलातल्या लूकचा दुसरा अध्याय पाठ करायला दिलेला. सातव्या वचनावर अडली. बाळाला बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत जागा नव्हती. "पप्पा, गव्हाण म्हणजे?" फ्लॅटमधलं पोर, कुठं बघणार. मग आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या, दुसऱ्या रविवारी उपासना सुटल्यावर, खरं तर त्या दिवशी केकची ऑर्डर आणि नवे कपडे असा बेत होता, तिला गाडीवर बसवलं आणि मोहोळकडं चुलतभावाच्या वस्तीवर नेलं.

शेतात ज्वारी उभी, हुरड्याला आलेली, त्यामुळं गव्हाणीत मागच्या सालचा काळपट कडबा. म्हशीनं चघळून टाकलेली, लाळेनं ओली ताटं, वर माश्या. पोरीनं नाक धरलं. "ह्याच्यात ठेवलं बाळाला?" मी गप्प. हे वचन मी चाळीस वर्षं ऐकतोय आणि मला एकदाही नाक धरावंसं वाटलं नव्हतं.

(तारखेचं म्हणाल तर २५ डिसेंबर बायबलात कुठंच नाही, त्यावर वाद घालणारे आमच्या मंडळीत दरवर्षी दोघं-तिघं निघतातच. घालू देत.)

येताना पेंडीभर कडबा आणला. घरी कापूस गेला, कडबा आला, हॉलभर कचरा झाला म्हणून बायको दोन दिवस धुसफुसली. मग बाळंत्याचा प्रश्न. आमचं गाव चादरी-टॉवेलचं, शेजारच्या पद्मशाली मावशी नवा कोरा नॅपकिन घेऊन आल्या, तर आई म्हणाली, "कोरं कापड टोचतं ओ बाळाला. बाळंतं जुन्याचंच करायचं, धुऊन धुऊन मऊ झालेल्या." आणि ट्रंकेतनं आज्जीचं विरलेलं लुगडं काढून तिनं टर्रकन वीतभर फाडलं. पूर्वेकडनं आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी, लोकांनी सोनं, ऊद, गंधरस आणला खरा, पण ते मागनं. आधी येशूच्या आईजवळ, मरियेजवळ असणार ते असलंच काहीतरी, असं मला त्या आवाजासरशी वाटून गेलं.

उरलेल्या लुगड्याची आईनं चौदा बाळंती केली, उकळत्या पाण्यात काढली, दोरीवर वाळत घातली. नाताळच्या आदल्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या वॉर्डात द्यायची म्हणाली. करंज्या तेवढ्यासाठी दोन तास थांबल्या. नर्सबाईंनी बोटांनी कापड चोळून बघितलं आणि विचारलं, "अजून हायेत का?"