घाटमाथ्यावरच्या मेफ्लायला नाव देताना: माझा अनुभव

'नवी जात सापडली' असं आपण सहज म्हणतो, पण सापडणं हा या कामातला सगळ्यांत छोटा भाग. हातातला कीटक आजवर वर्णन केलेल्या कुठल्याच जातीचा नाही, हे पुराव्यानिशी दाखवण्यात खरा वेळ जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या ओढ्यांमधल्या एका मेफ्लायच्या बाबतीत मी हे सगळं केलं. या वाटेला जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ते इथे लिहिते आहे.

मेफ्लाय आयुष्याचा बहुतेक काळ पाण्यात काढतो. पिल्लू गोट्यांवरचं शेवाळ खरवडून खातं, पोटाच्या कडांना असलेल्या कल्ल्यांनी श्वास घेतं आणि पुन्हा पुन्हा कात टाकत वाढतं. पंख फुटले की तोंड निकामी होतं. प्रौढ काहीच खात नाही. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि बहुतेकदा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत संपायचं. पंख आल्यावरही आणखी एकदा कात टाकणारा आजच्या कीटकांतला हा एकमेव गट आहे.

राधानगरी-दाजीपूर आणि गगनबावड्याच्या बाजूला सह्याद्रीच्या माथ्यावरून उतरणारे ओढे पुढे भोगावती आणि कुंभीला मिळतात, आणि त्यांचंच पाणी पंचगंगेतून कोल्हापुरात येतं. अभयारण्याच्या हद्दीत कीटक गोळा करायचे तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. अर्ज वेळेआधी बराच टाकावा, एवढंच सांगते. भर पावसात ओढ्यात उतरणं धोक्याचं असतं, म्हणून पाऊस ओसरला की काम सुरू करायचं. प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळी धरायची, वरच्या बाजूचे गोटे पायाने हलवायचे आणि जाळीत आलेलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून चिमट्याने निवडायचं. नमुने तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी ते अल्कोहोल बदलायचं. कीटकांच्या अंगातलं पाणी त्यात उतरून ते पातळ होतं, मग डीएनए टिकत नाही.

ओढ्याजवळ राहणारे एक मामा पहिल्या दिवशी काठावर येऊन बसले. "मासं हुडकताय व्हय ताई?" मी ट्रेमधलं पिल्लू दाखवलं. ते म्हणाले, "ह्ये तर वरच्या अंगाला लई हाय. खाली गावाजवळ न्हाई गावायचं." त्यांचं म्हणणं आमच्या नोंदींशी तंतोतंत जुळलं. शेताचं सांडपाणी मिसळतं त्या पट्ट्यात हे पिल्लू आम्हाला कधीच मिळालं नाही.

सगळ्यांत अवघड काम पिल्लाची आणि प्रौढाची ओळख जुळवण्याचं. जुन्या वर्णनांत बऱ्याच जाती फक्त पंखवाल्या प्रौढांवरून मांडल्या आहेत. इंग्लिश कीटक-अभ्यासक इटन यांनी १८८३ ते १८८८ या काळात छापलेल्या मेफ्लायवरच्या मोठ्या ग्रंथाचा भरही पंखवाल्या प्रौढांवरच आहे. उलट अलीकडच्या कित्येक जाती फक्त पिल्लांवरून वर्णन झालेल्या आहेत. आपलं पिल्लू म्हणजे कोणा जुन्या प्रौढाचंच लेकरू नाही ना, हा प्रश्न शोधनिबंध छापण्याआधी तपासणारे परीक्षक विचारणारच. त्यावर उपाय एकच, पिल्लू वाढवून बघायचं. कोल्हापुरात आणलं तर पाणी तापतं आणि पिल्लं दगावतात. म्हणून आम्ही जाळीचे छोटे पिंजरे ओढ्यातच बांधले. पंखांच्या कळ्या काळ्याभोर झालेली पिल्लंच त्यांत ठेवायची, कारण ती उडायला आलेली असतात. प्रौढ निघाला की त्याची पाण्यातली कात आणि तो स्वतः, दोन्ही एकाच कुपीत. ती कात हरवली तर पुरावाच गेला.

आमच्या जातीचा पहिला नर निघाला तेव्हा मी भिंगाखालून नजर हलवली नाही. आमची जात बीटिडी कुळातली. या कुळातल्या नरांच्या डोळ्यांचा वरचा भाग कोल्हापुरी फेटा बांधल्यासारखा डोक्यावर उंच येतो. आमच्या नरात तो फिकट नारिंगी होता.

मग टेबलावरचं काम. पिल्लू जेमतेम अर्धा सेंटीमीटर. ग्लिसरीनच्या थेंबात त्याचं डोकं वेगळं करायचं, आधी वरचा ओठ, मग दोन्ही जबडे, शेवटी खालचा ओठ सोडवायचा आणि एकेक भाग काचपट्टीवर मांडायचा. आमची जात लॅबिओबीटिस या प्रजातीतली (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस). या प्रजातीत खालच्या ओठाच्या स्पर्शिकेच्या दुसऱ्या खंडावर आतल्या बाजूला ठळक उंचवटा असतो. तो किती रुंद, वरच्या ओठावर केसांची रांग कशी, नखीवर दात किती, कल्ले कुठल्या खंडांवर, यावरून जाती वेगळ्या होतात. २०१८ मध्ये न्यू गिनीतून याच प्रजातीच्या २६ नव्या जाती एकाच शोधनिबंधात वर्णन झाल्या. उष्ण कटिबंधातल्या डोंगराळ ओढ्यांत अजून किती काय दडलेलं असेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

सोबत डीएनए बारकोडही केला, म्हणजे डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचून तो इतर जातींशी ताडून पाहिला. मेफ्लायमध्ये एकाच जातीतला फरक साधारण दोन-तीन टक्क्यांच्या आत राहतो. आमच्या नमुन्यांचा जवळच्या जातींशी असलेला फरक त्याच्या कितीतरी पुढे गेला. तरीही नुसत्या डीएनएवर मी विसंबले नसते. जुन्या जातींच्या मूळ नमुन्यांचे फोटो परदेशी संग्रहालयांकडून मागवले आणि एकेक लक्षण ताडून पाहिलं.

लिहिताना नियम काटेकोर पाळावे लागतात. नाव ज्या एका नमुन्यावर उभं राहणार तो, म्हणजे होलोटाइप, ठरवायचा आणि तो कुठल्या संग्रहात आहे ते नोंदवायचं. निबंध फक्त ऑनलाइन छापला जाणार असेल तर झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंदणी हवीच. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती अधिकृत भांडाराला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. नाव आम्ही खोऱ्यावरून ठेवलं आहे, पण ते इथे लिहीत नाही. वर्णनाशिवाय बाहेर पडलेलं नाव ग्राह्य धरत नाहीत आणि पुढे विनाकारण घोळ होतो.

एवढा खटाटोप एका किड्यासाठी का, असं मला विचारतात. पाण्याची प्रत मोजायच्या बीएमडब्ल्यूपी या जुन्या ब्रिटिश गुणांकन पद्धतीत या अख्ख्या कुळाला १० पैकी ४ गुण आहेत, म्हणजे बऱ्यापैकी घाण सहन करणारं कुळ. आमची जात मात्र स्वच्छ पाण्यातच सापडते. जाती वेगळ्या ओळखल्याच नाहीत, तर पंचगंगेच्या उगमाकडचं पाणी बिघडू लागल्याचं पहिलं लक्षण आपल्या हातून निसटेल. मला ते होऊ द्यायचं नाही.

परीक्षकांनी आता मादीच्या अंड्यांच्या कवचावरच्या नक्षीचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काढलेले फोटो मागितले आहेत, आणि मागणी रास्त आहे. पिंजऱ्यातून निघालेल्या माद्या जपून ठेवलेल्या आहेत. फोटो हाती आले की सुधारित प्रत रवाना करायची.