झ्युरिकमध्ये फेलिक्स मान्त्सच्या मागावर: गल्लीपासून नदीपर्यंत

झ्युरिकला आलेला प्रवासी ग्रोसम्युन्स्टर चर्चचे जोडमनोरे बघतो, 187 पायऱ्या चढून वरून तळ्याचे फोटो काढतो आणि प्रोटेस्टंट धर्मसुधारक झ्विंगलीच्या पुतळ्याला वळसा घालून पुढे जातो. फेलिक्स मान्त्ससाठी, म्हणजे बाळांच्या बाप्तिस्म्यावरून झ्विंगलीशी वाद झालेल्या आणि 1527 मध्ये इथल्या नदीत बुडवून मारलेल्या त्याच्या जुन्या साथीदारासाठी आला असाल, तर मनोरा नंतर करा. चर्चच्या बाजूने किर्शगासे हा रस्ता चढू लागलं की उजव्या हाताला नॉयश्टाटगासे नावाची जुनी, अरुंद गल्ली लागते. मी चालायला तिथून सुरुवात केली आणि इतरांनाही तेच सांगेन. मान्त्सच्या आईचं घर याच गल्लीत होतं. झ्विंगली राहायचा तो किर्शगासेवर, म्हणजे हाकेच्या अंतरावर. हा वाद दोन शेजाऱ्यांचा, एकत्र ग्रीक पुस्तकं वाचलेल्या दोन मित्रांचा होता, हे या गल्लीत उभं राहिल्यावर नीट कळतं.

मान्त्स 1498 च्या सुमाराचा, एका धर्माधिकाऱ्याचा अनौरस मुलगा. लॅटिन, ग्रीक, हिब्रू तिन्ही भाषा त्याला येत. 1519 मध्ये झ्विंगली शहरात आला आणि थोड्याच वर्षांत त्याच्याभोवती तरुणांचं मंडळ जमलं. मान्त्स आणि कॉनराड ग्रेबेल हे त्यातले बिनीचे. ठिणगी पडली ऑक्टोबर 1523 च्या जाहीर वादसभेत. मास (कॅथलिक प्रभुभोजनाचा विधी) आणि मूर्ती चुकीच्या, यावर सगळ्यांचं एकमत होतं, पण त्या कधी बंद करायच्या हे नगरसभेने ठरवावं असं झ्विंगली म्हणाला. बायबल स्पष्ट सांगत असताना सरकारची परवानगी कशाला, हा या तरुणांचा सवाल होता. बाळांच्या बाप्तिस्म्याचा मुद्दा त्यातूनच पुढे आला, कारण ज्याला समज नाही त्याच्या वतीने श्रद्धेची कबुली कोण देणार?

17 जानेवारी 1525 ला यावर वादसभा झाली आणि नगरसभेने निकाल दिला: आठ दिवसांत मुलांचा बाप्तिस्मा करा, नाहीतर शहर सोडा. ग्रेबेलची मुलगी तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांची होती. 21 जानेवारीला ग्रेबेल आणि मान्त्सला सभा घ्यायला बंदी झाली. त्याच संध्याकाळी याच गल्लीतल्या घरात काही जण जमले. गेऑर्ग ब्लाउरॉक नावाच्या पाद्रीने ग्रेबेलकडे बाप्तिस्मा मागितला, तो घेतला आणि मग बाकीच्यांना दिला. अ‍ॅनाबॅप्टिस्ट, म्हणजे ‘पुन्हा बाप्तिस्मा देणारे’, हे नाव विरोधकांनी ठेवलेलं. ते स्वतःला नुसते ‘भाऊ’ म्हणवत.

पुढचा टप्पा झोलिकॉन. श्टाडेलहोफेन स्टेशनवरून लोकल घेतली की टीफेनब्रुनेननंतरचं स्टेशन. आता तळ्याकाठचं हे श्रीमंत उपनगर तेव्हा शेतकऱ्यांचं गाव होतं, आणि जानेवारीच्या त्या शेवटच्या आठवड्यात इथल्या घराघरांत बाप्तिस्मे झाले. पाण्यात बुडवून नव्हे, ही चूक बरेच जण करतात. पुढे झालेल्या चौकशीच्या कागदांत रुएडी थोमानच्या घरातला प्रसंग नोंदलेला आहे: हान्स ब्रुगबाख उठून आपल्या पापांसाठी रडू लागला, बाप्तिस्मा हवा म्हणाला, तेव्हा मान्त्सने स्वयंपाकघरातलं पाण्याचं ओगराळं घेतलं आणि त्यातून त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. मूळ शब्द ‘गेत्झी’, लांब दांड्याचं ओगराळंच ते. एवढ्या मोठ्या शहराची झोप उडवणारी वस्तू ती.

झोप उडण्याचं कारण नुसतं धार्मिक नव्हतं. बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे नागरिक म्हणूनही नोंद. झ्युरिकने 1526 मध्ये बाप्तिस्म्याची नोंदवही सुरू केली ती या अ‍ॅनाबॅप्टिस्टांना आळा घालण्यासाठीच. त्यात यांच्यातले बरेच जण शपथ घेत नसत, शस्त्र उचलत नसत. अशा माणसांचं करायचं काय, हे सरकारला कळेना. आधी दंड, मग कैद. 7 मार्च 1526 ला मान्त्स, ग्रेबेल, ब्लाउरॉक आणि इतरांना मरेपर्यंत बुरुजात, पेंढ्यावर, भाकरी-पाण्यावर ठेवण्याची शिक्षा झाली, आणि पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला बुडवून मारण्याचा हुकूमही त्याच दिवशी निघाला. दोन आठवड्यांनी कैद्यांना उंचावरची एक खिडकी नीट बंद नसल्याचं दिसलं, आणि दोराने उतरून सगळे निसटले. ग्रेबेल त्याच वर्षी प्लेगने गेला. मान्त्स आणि ब्लाउरॉक डिसेंबरात ग्रुनिंगन भागात पकडले गेले.

आता नदीकडे. मान्त्सचा शेवटचा तुरुंग वेलेनबर्ग हा लिमाट नदीच्या पात्रातलाच बुरुज होता. तो 1837 मध्ये पाडला, त्यामुळे शोधत बसू नका. वासरकिर्श चर्चपाशी, झ्विंगलीच्या 1885 च्या पुतळ्याजवळ उभं राहून पाण्याकडे बघा. पुतळ्याच्या हातात बायबल आणि तलवार दोन्ही आहे. मला तरी तिथे तलवारच आधी दिसली. 5 जानेवारी 1527, शनिवार. मान्त्सला बुरुजातून मासळीबाजारात आणि तिथून खाटीकखान्यातून होडीपर्यंत नेलं. निकालपत्रात पद्धत शब्दाशब्दाने लिहून दिली होती: हात बांधायचे, होडीतून नदीतल्या झोपडीपर्यंत न्यायचं, बांधलेले हात गुडघ्यांवरून खाली सरकवायचे, मग गुडघे आणि हात यांच्यामधून काठी आडवी घालायची आणि पाण्यात ढकलायचं. काठी अडकली की हात सुटत नाहीत आणि पाय पसरता येत नाहीत, म्हणजे पोहणाराही वर येऊ शकत नाही. मालमत्ता जप्त. काठावर त्याची आई आणि भाऊ उभे होते, खचू नकोस म्हणून त्याला धीर देत होते. तो लॅटिनमध्ये म्हणाला, प्रभो, तुझ्या हाती माझा आत्मा सोपवतो.

त्याच दिवशी ब्लाउरॉकला फटके मारत शहराबाहेर काढलं. 1529 मध्ये टिरोलमधल्या क्लाउझेन इथे त्याला जाळलं. मान्त्सला ‘पहिला अ‍ॅनाबॅप्टिस्ट हुतात्मा’ म्हणतात ते नेमकं नाही. एबर्ली बोल्टला 1525 मध्येच श्वित्स या कॅथलिक प्रांतात जाळलं होतं. प्रोटेस्टंटांनी मारलेला पहिला अ‍ॅनाबॅप्टिस्ट मात्र मान्त्सच.

स्मारकासाठी म्युन्स्टर पुलावरून डाव्या काठावर यायचं आणि प्रवाहाच्या दिशेने वाइनप्लाट्सवरून शिप्फेपर्यंत चालायचं. शहराचं हे जुनं कारागीर वस्तीचं टोक. इथे लोक चुकतात, कारण सगळ्यांची नजर पलीकडच्या काठावरच्या सुंदर घरांवर असते आणि स्मृतिफलक हातभरावर असूनही राहून जातो. 2004 मध्ये बसवलेला, जर्मन मजकुराचा साधा फलक आहे: 1527 ते 1532 या काळात मान्त्स आणि आणखी पाच जणांना इथे नदीत बुडवलं, आणि झ्युरिकमध्ये देहदंड झालेला शेवटचा अ‍ॅनाबॅप्टिस्ट हान्स लांडिस, 1614. शेवटचं साल पुन्हा वाचा. मान्त्सनंतर सत्त्याऐंशी वर्षं.

मान्त्सच्या नावाचं एक गीत आजही अमिश या अ‍ॅनाबॅप्टिस्ट परंपरेतल्या पंथाच्या गीतपुस्तकात सहाव्या क्रमांकावर छापलं जातं. याच परंपरेतले अमेरिकन मेनोनाइट मिशनरी 1899 च्या दुष्काळात तेव्हाच्या मध्य प्रांतात, धमतरीला पोचले होते.

हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर बेरेत्सविलजवळची टॉयफरह्योले, म्हणजे अ‍ॅनाबॅप्टिस्टांची गुहा, गाठा. वेत्सिकॉनपर्यंत रेल्वे, पुढे बेरेत्सविलला बस आणि मग जंगलातून चढ. गुहेच्या तोंडावर पाणी ठिबकतं, दगडगोट्यांचा खडक ओला असतो, पान पडलेलं असलं की पाय सरकतो. चांगल्या तळव्यांचे बूट घाला, आणि बर्फ असेल तेव्हा हा चढ टाळा.