वरचं रान तुटलं, खालची राई गुदमरली

दोडामार्ग तालुक्यातल्या त्या देवराईत आम्ही पोचलो तेव्हा ओहोळ तांबडालाल वाहत होता. "आजपर्यंत ह्या व्हाळाक लाल पाणी येवक नाय," राईचे मानकरी म्हणाले. दाट सदाहरित रानातून येणारं पाणी भर पावसातही जवळजवळ नितळ असतं. त्यामुळे वर चढण्याआधीच अंदाज आला होता, आणि वर तेच दिसलं. रबर लावण्यासाठी मालकीचं रान साफ केलेलं, जेसीबीने उतारावर टप्पे पाडलेले, पालापाचोळा जाळलेला.

ही राई जायफळाच्या कुळातल्या मायरिस्टिका वृक्षांची. बारमाही पाणथळ जागेतच ती टिकते, आणि महाराष्ट्रात अशा जागा अगदीच थोड्या. याच तालुक्यातली बांबर्डे-हेवाळेची राई 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली, तिचं क्षेत्रसुद्धा जेमतेम 2.59 हेक्टर. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून या झाडांची मुळं गुडघा दुमडावा तशी वाकून पाण्याबाहेर येतात आणि सालीवरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतात. इथे ती मुळं दिसतच नव्हती. काठी खुपसली तर काठाला चार बोटं आणि मध्यावर वीतभर नवा गाळ. ओहोळाच्या तोंडाशी असलेल्या दोन झाडांचे शेंडे पिवळे पडू लागले होते.

मानकऱ्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं आणि काम सुरू झालं. मुळांजवळ फावडं चालवायचं नाही, साल सोलली की तिथून कुज शिरते. गाळ हातांनी आणि करवंटीने, बुंध्याकडून बाहेरच्या दिशेने काढायचा, आणि घमेल्यांनी पुराच्या रेषेच्याही वर नेऊन टाकायचा. काठावर टाकलेला गाळ पुढच्या सरीत परत येतो. पाणी तुंबलंय असं समजून कुणी चर खणून वाट काढून देऊ लागलं, तर त्याला आधी थांबवायचं. पाणथळ जागा उपसली की ही झाडं उन्हाळा काढत नाहीत.

पण खाली कितीही गाळ काढला तरी वरून येतच राहणार. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पानांचं छत आणि पालापाचोळ्याचा थर गेला की थेंब थेट मातीवर आपटतो, वरची भोकं बुजतात आणि पाणी मुरायचं सोडून धावतं. उघडा जांभा उन्हात आणखी टणक होतो. त्यातून दुसरं नुकसान होतं, ते उशिरा कळतं: पावसात न मुरलेलं पाणी एप्रिलमध्ये झऱ्याला मिळत नाही. राईला गाळाइतकाच धोका त्या कोरडेपणाचा.

देशावरच्या पाणलोटात चालणारे समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खणलेले चर, इथे तीव्र उतारावर घेणं मला मान्य नाही. ते भरतात आणि उतारच घसरतो. आम्ही प्रत्येक घळीत माथ्यापासून खाली काटक्या-दगडांचे गुडघाभर बांध घातले. मधला भाग बाजूंपेक्षा वीतभर खाली ठेवायचा, नाहीतर पाणी कडेने माती कापून बांधाला वळसा घालतं. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायाच्या पातळीत यावा. जिथे पाणी पडतं तिथे दगड पसरायचे.

लागवडीची घाई सगळेच करतात. सदाहरित रोपं उघड्या उन्हात लावली की करपतात. आधी चांदाड्यासारखी झपाट्याने वाढणारी झाडं येऊ द्यायची, त्यांची सावली झाली की मग मूळ जाती लावायच्या. मायरिस्टिकाचं बी साठवता येत नाही, सुकलं की मरतं. पडलेलं ताजं बी लगेच ओल्या वाळूत, सावलीत रुजवावं लागतं. रानात हे बी पसरवायचं काम धनेश पक्षी करतो, आणि त्याला ढोलीसाठी जुनी मोठी झाडं लागतात.

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने 2013 मध्येच वृक्षतोडीला मनाई केली होती, तरी ही तोड झाली. मालकाशी बोलणी संध्याकाळपर्यंत चालली. ओहोळाच्या दोन्ही काठांना पंधरा-पंधरा मीटरचा पट्टा न तोडता, न जाळता सोडायला तो कबूल झाला. टप्प्यांच्या वरच्या भागाचं अजून ठरलेलं नाही आणि पावसाचे तीन महिने पुढे आहेत.